अंबारखान्याच्या किल्ल्या कुणाच्या हाती?

पन्हाळगडावर गेलेला माणूस अंबारखान्यापाशी थबकतोच. गंगा, यमुना आणि सरस्वती अशा तीन कोठ्या, त्यांतली गंगा सगळ्यांत मोठी. बाहेरच्या बाजूने दगडी जिने थेट छपरापर्यंत चढतात, कारण धान्य वरून आत ओतायचं असे. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावे, असं जुन्या नोंदी सांगतात. पन्हाळा म्हटलं की आपल्याला सिद्दी जौहरचा १६६० चा वेढा, आषाढातली ती पावसाळी रात्र आणि बाजीप्रभू आठवतात. पण चार-साडेचार महिने वेढ्यात अडकलेल्या गडावर रोज चुली पेटत होत्या. कोठीत किती उरलं, रोज किती लागतं आणि आहे ते किती दिवस पुरेल, हा हिशेब सांभाळल्याशिवाय असा वेढा सोसता येत नाही. मराठी गडांवर हे काम ज्याच्याकडे असे, तो कारखानीस.

आज चाकणच्या किंवा रांजणगावच्या कारखान्यात सप्लाय चेन प्लॅनरच्या जागेसाठी मुलाखती होतात, तेव्हा समोरच्या उमेदवाराला बहुतेक हेच विचारलं जातं. मागणीचा अंदाज कसा बांधता, साठा किती ठेवता, माल अडकला तर काय करता. प्रश्न नवे नाहीत. या कामासाठी माणूस कसा निवडावा आणि निवडल्यावर त्याला कसं पारखावं, याचा विचार या मुलखात साडेतीनशे वर्षांपूर्वी फार बारकाईने झाला होता. पुढे तो हळूहळू सोडूनही दिला गेला. मराठी राज्याच्या उभारणीची आणि घसरणीची एक बाजू या एका नेमणुकीत दिसते.

कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला राजाराम महाराजांसाठी बखर लिहिली, तिच्यात गडाच्या कारभाराचं वर्णन आहे. एका गडावर एकच सर्वाधिकारी नसे. हवालदार, सरनोबत आणि सबनीस बरोबरीच्या मानाचे, आणि जोडीला कारखानीस. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, त्यात ही वाटणी नेमकी मांडली आहे. पहारा आणि लढाई हवालदाराकडे, मुलकी कारभार आणि गडाखालच्या गावांचा वसूल सबनिसाकडे, तर धान्य, वैरण, दारूगोळा आणि डागडुजी कारखानिसाकडे. एकाच्या मनात फितुरी आली तरी गड जाऊ नये, ही त्यामागची सावधगिरी होती. तिचा आणखी एक फायदा असा, की कोठीतलं धान्य एकाने मोजायचं, दुसऱ्याच्या दफ्तरात त्याची नोंद पडायची आणि किल्ल्या तिसऱ्याकडे राहायच्या. त्यामुळे कुणाचंही काम दुसऱ्याच्या नजरेआड राहत नसे.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगायला हवी. ही पदं जातीनिहाय वाटलेली होती. हवालदार मराठा, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभू. रानड्यांना त्यात तोल दिसला आणि तो होताही. पण मोजमापात पक्का असलेल्या एखाद्या माळ्याच्या किंवा कुणब्याच्या मुलाला त्या कोठीचा दरवाजा जन्मानेच बंद होता. गडाखालच्या शेतात तेच धान्य पिकवणाऱ्यांना त्याच्या हिशेबात वाटा नव्हता. निवडीची कसोटी कितीही कडक असली तरी ती मोजक्याच घरांपुरती होती, हे विसरून या काळाचं कौतुक करणं बरोबर नाही.

त्या घरांच्या आत मात्र कसोटी खरी होती. शिवाजी महाराज सैन्यात भरती होणारा माणूस स्वतः पाहून घेत आणि त्याच्या वर्तणुकीबद्दल आधीपासून चाकरीत असलेल्या ओळखीच्या माणसाचा जामीन घेत, असं ग्रँट डफने मराठ्यांच्या १८२६ च्या इतिहासात नोंदवलं आहे. जामीन म्हणजे नुसती शिफारस नव्हे. शिफारस करणाऱ्याचं पुढे काही बिघडत नाही, पण जामीन राहणारा अडकतो. नव्या माणसाने अफरातफर केली तर जाब जुन्याला. त्यामुळे कुणाचं नाव पुढे करायचं, याचा माणसं दहादा विचार करत. आजच्या मुलाखतीत उमेदवार ज्यांची नावं संदर्भ म्हणून देतो, त्यांच्यावर अशी कोणतीच जबाबदारी येत नाही. ती आली असती तर कित्येक नेमणुका वेगळ्या झाल्या असत्या.

कारकुनांची पारख हस्ताक्षर, मोडीचा वेग आणि हिशेब यांवर होई. बाळाजी आवजी चिटणीसांची बखरीतून चालत आलेली गोष्ट प्रसिद्ध आहे. महाराजांनी पत्राचा मजकूर विचारला, तो लिहून झालेला नव्हता, आणि बाळाजींनी कोरा कागद हाती धरून अस्खलित मजकूर वाचून दाखवला. खरंखोटं काही असो, पण लेखकाची परीक्षा कशी व्हावी याबद्दल त्या काळच्या लोकांना काय वाटत होतं, ते गोष्टीतून कळतं. मजकूर डोक्यात तयार असला पाहिजे, कागद नंतर.

पण कोठी सांभाळणाऱ्याला नीट लिहिता येणं पुरेसं नव्हतं. काय हवं होतं, ते रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सापडतं. १७१५ च्या सुमाराचा हा ग्रंथ. लिहिणारा दरबारात बसून उपदेश करणारा नव्हता. राजाराम महाराज जिंजीत अडकले असताना इकडचा कारभार पंतांनी चालवला. मोगली फौजा मुलखात असताना एकेका गडावर दाणागोटा पोचवणं म्हणजे काय, हे त्यांनी भोगलं होतं. म्हणून त्यांच्या सूचना इतक्या ठोस आहेत. गडावर एकाच टाक्यावर विसंबू नये, दोन-तीन तरी असावीत, कारण लढाईत तोफांच्या हादऱ्याने झरे आटू शकतात. आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ अशी झाडं गडावर लावावीत आणि जपावीत, कारण प्रसंगी त्यांचं लाकूड उपयोगी पडतं. दारूचं कोठार घरांपासून लांब असावं, आणि आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून, ऊन देऊन, पुन्हा मुद्रा करून ठेवावी. साठा आहे एवढ्याने भागत नाही, तो वेळेला वापरता आला पाहिजे. सर्द झालेली दारू वहीत जमा दिसते आणि वेढ्यात उडत नाही.

माणसांबद्दलही पंत तितकेच स्पष्ट आहेत. गडावरच्या नेमणुकीत भीड-मुरवत चालू नये. माणूस विश्वासू, कष्टाळू आणि सावध हवा. आणि त्याला एका जागी मुरू द्यायचा नाही. हवालदाराची बदली तीन वर्षांनी, सरनोबताची चार वर्षांनी, सबनीस आणि कारखानीस यांची पाच वर्षांनी. कारखानिसाला मुदत जास्त, याचं कारण उघड आहे. कोठीची नाडी कळायला काही पावसाळे जावे लागतात. आणि बदली तरीही हवी, कारण पाच वर्षांत गावचे व्यापारी, बैलवाले, वैरणवाले यांच्याशी लागेबांधे तयार होतात. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी कोठी मोजून घेतो, आणि जुन्याच्या पाच वर्षांचा निकाल तिथेच लागतो.

या कामाची समज म्हणजे काय, हे दाखवणारा उत्तम कागद आज्ञापत्राच्याही आधीचा आहे. राज्याभिषेकाच्या आगेमागे शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या हालवर्णच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना एक पत्र पाठवलं. दाभोळ सुभ्यात पावसाळ्यासाठी दाणा आणि वैरण साठवलेली होती, ती छावणीमुळे खर्च होऊन गेली. जिथून तिथून पुन्हा जमवली. आता ती मन मानेल तशी उधळलीत तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असं महाराज बजावतात. मग पुढची साखळी उलगडतात. दाणा संपला की लोक गावात शिरतील, कुणी कुणब्याचे दाणे आणेल, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी लाकूडफाटा, कुणी भाजीपाला. मग रयतेला वाटेल, यांच्यापेक्षा मोगल बरे.

इथपर्यंत कुणीही चांगला सेनापती लिहू शकला असता. पत्र पुढे आणखी खाली उतरतं. वैरणीच्या गंजीजवळ कुणी चूल पेटवेल, कुणी आगटी करेल, कुणी तंबाखू ओढायला निखारा घेईल, आणि वारा लागला की सगळं गवत जाईल. मग कितीही माणसांच्या माना मारल्या तरी एक काडी मिळणार नाही. रात्री दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. म्हणून दिवे विझवा.

एका वातीपासून उपाशी घोड्यापर्यंत आणि घोड्यापासून रयतेच्या मनापर्यंतचा हा माग राजा स्वतः काढतो. पुरवठ्याच्या कामासाठी कुणाची मुलाखत घ्यायची असेल, तर शोधायची ती हीच नजर. आकडेमोड शिकवता येते, पण कोठारात उंदीर आहे आणि दिवा उघडा आहे, हे आपणहून जाणवणं शिकवायला कठीण.

पारख नेमणुकीपाशी थांबत नसे. दसऱ्याला फौज निघताना प्रत्येकाजवळ काय सामान आहे याची यादी होई, वैशाखात परतल्यावर झाडा घेतला जाई आणि जास्तीचं सापडलं तर जमा करून घेत किंवा पगारातून वळतं करत, असं सभासद सांगतो. पद घराण्याला चिकटत नसे. फौजेची सरनोबती माणकोजी दहातोंडे, नेतोजी पालकर, प्रतापराव गुजर आणि हंबीरराव मोहिते अशा चार वेगळ्या घरांत गेली. १६६६ च्या आरंभी पन्हाळ्यावरच्या चढाईला नेतोजी वेळेवर पोचला नाही, तेव्हा एवढ्या मोठ्या सरदाराचीही सरनोबती काढून घेण्यात आली. तो निर्णय महागात पडला, नेतोजी शत्रूला मिळाला. तरी नियम सगळ्यांना एकच राहिला.

पेशवाईत सांगाडा टिकला. महालोमहाल दरकदार असत: दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार, पोतनीस. त्यांची नेमणूक हुजुरातून होई आणि मामलेदाराला त्यांना काढता येत नसे. कागदावर हा चांगला अंकुश होता. पण दरक वंशपरंपरेने चालू लागले. बापाचा दरक मुलाकडे, मुलगा लहान किंवा नालायक असला तरी नाव त्याचं आणि काम मुतालिकाचं. कसोटी द्यायची वेळच कुणावर येईना.

पानिपतावर या प्रश्नाने प्राण घेतले. सदाशिवरावभाऊ हिशेबाला कडक, कारभारात मुरलेले. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा जिंकल्यावर धान्याचा मोठा साठा हाती आला. पण त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला, मराठे आणि दिल्ली यांच्या मध्ये आला आणि रसद तुटत गेली. गंगा-यमुनेमधल्या अंतर्वेदीतून पैसा आणि धान्य पाठवायचं आणि शत्रूची रसद मारायची, ही भिस्त गोविंदपंत बुंदेल्यांवर होती. भाऊंनी त्यांना पत्रांमागून पत्रं लिहिली. पंत उतारवयाचे होते, त्यांची उमर वसुलीत गेली होती. मुलखातून महसूल गोळा करणं वेगळं आणि शत्रूच्या घोडदळाला चुकवत बैलांचे तांडे छावणीपर्यंत आणणं वेगळं. डिसेंबरात अब्दालीच्या सैन्याने अचानक गाठून त्यांना ठार केलं. त्यानंतर छावणीत उपासमार वाढत गेली आणि १४ जानेवारी १७६१ ला उपाशी सैन्य लढायला बाहेर पडलं. पंतांवर सगळा दोष टाकणं अन्यायाचं आहे. चुकलं असेल तर ते निवडताना चुकलं. ज्याने एक काम वर्षानुवर्षं केलं, त्याला दुसरं जमेलच असं धरून चाललं गेलं, आणि त्याला पर्याय ठेवला नव्हता.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निवड हा प्रकारच उरला नाही. पेशव्यांचा मुलूख ताब्यात घेणाऱ्या एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात याचं वर्णन केलं आहे. पूर्वी मामलत अनुभवी आणि सचोटीच्या माणसाला मिळे आणि काम नीट झालं नाही तर काढून घेता येई. आता पेशव्याच्या हुजऱ्यांमध्ये तिचा लिलाव होऊ लागला. चढी बोली लावायला उत्तेजन मिळे आणि मागे सरणाऱ्यावर कधी कधी खप्पामर्जीही होई. वर्षाअखेर पुन्हा लिलाव, आणि महाल बहुधा आणखी चढ्या बोलीवाल्याकडे. एका वर्षापुरत्या मालकाला पुढच्या पावसाळ्याचा साठा करण्यात रस असायचं कारण नव्हतं. बोलीची रक्कम तो रयतेकडून काढून घेई. जामीन, झाडा, पाच वर्षांची बदली, तिघांची एकमेकांवरची नजर यांतलं काहीही त्याला लागू नव्हतं. जून १८१८ मध्ये बाजीराव इंग्रजांना शरण गेला, पण कारभारासाठी माणूस पारखून घेण्याची रीत त्याच्या दरबाराने त्याआधीच मोडली होती.