जपानला फिरायला जाताना : टोकियो, ओसाका, कोबेमधले जेवण, नमाजची सोय आणि पाहण्यासारखी ठिकाणे

आमच्या शाळेतून शिकून गेलेली काही मुले आता जपानमध्ये नोकरीला आहेत. त्यांचे अम्मी-अब्बा भेटायला निघाले की फोन येतो, "सर, बाकी सगळं ठीक आहे, पण तिकडे खायचं काय?" एका गृहस्थांनी तर कुणाला न विचारता आपला मार्ग काढला. पंधरा दिवस खजूर, केळी आणि दुकानातला ब्रेड. परतायच्या आदल्या दिवशी मुलाने सहज ब्रेडचे पाकीट वाचले, तर त्यात "रादो" लिहिलेले. रादो म्हणजे लार्ड, डुकराची चरबी. बिचाऱ्यांचा चेहरा उतरला. नकळत झाले त्याची पकड नाही, असे मी त्यांना सांगितले, पण पुढे जाणाऱ्यांसाठी हे लिहून ठेवावे असे तेव्हाच वाटले.

आपल्याकडे एक समज पक्का आहे : "मटण-चिकन सोडायचं, मासे खायचे, झालं." जपानमध्ये एवढ्याने भागत नाही. तिथे खरी अडचण मांसापेक्षा रश्यात आणि सॉसमध्ये आहे. जपानी स्वयंपाकात दोन गोष्टी आपल्या हळद-मिठासारख्या पडतात. एक साके, म्हणजे तांदळाची दारू. दुसरी मिरिन, म्हणजे स्वयंपाकाची गोड दारू, जिच्यात साधारण १४ टक्के अल्कोहोल असतो. तेरियाकी, उनागी (ईल मासा), सोबा नूडल्सची चटणी, भातावर घातलेले गोडसर मांस, या सगळ्यांत मिरिन असण्याची शक्यता मोठी. सुशीचा मासा हलाल असला तरी भातात घातलेल्या सिरक्यात कधी कधी मिरिन मिसळलेले असते.

सोया सॉसची गोष्ट थोडी वेगळी. तो आंबवून बनतो, त्यामुळे त्यात थोडा अल्कोहोल आपोआप तयार होतो. बऱ्याच उलेमांना त्यात हरकत वाटत नाही, काहींना वाटते. शिवाय टिकण्यासाठी काही कंपन्या वरून अल्कोहोल घालतात, पाकिटावर त्याला "शुसेइ" म्हणतात. आपल्या मुफ्तींना निघण्याआधी विचारून घ्या, तिथे टेबलावर बसून वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसरा मुद्दा समुद्री जिवांचा. कोकणातले आपले बरेच भाऊ शाफई आहेत, घाटावरचे बहुतेक हनफी. शाफईंना माकूल, ऑक्टोपस, शिंपले चालतात. हनफी फिक्हनुसार माशाशिवाय इतर समुद्री जीव चालत नाहीत, कोळंबीबाबत मतभेद आहेत. ओसाकाचा प्रसिद्ध ताकोयाकी दिसायला आपल्या अप्प्यांसारखा असतो, तसल्याच खळग्यांच्या तव्यावर भाजतात. पण आत ऑक्टोपसचा तुकडा असतो. एकाच घरात सासर शाफई आणि माहेर हनफी असेल तर एका प्लेटवर चर्चा रंगायला वेळ लागत नाही!

मग खायचे काय? मिठात भाजलेला मासा, त्याला "शिओयाकी" म्हणतात, हा सगळ्यात सोपा पर्याय. साधा भात. साशिमी म्हणजे कच्च्या माशाचे काप, ज्यांना झेपेल त्यांना. तेम्पुरा (भज्यांसारखा प्रकार) खायचा असेल तर सोबतच्या चटणीऐवजी मिठाशी खा आणि त्याच तेलात मांस तळतात का ते विचारा. गोडात मोची आणि दांगो आहेत. मोचीत लाल अझुकीचे सारण असते, चवीला आपल्या पुरणाच्या जवळचे. मात्र दांगोवरच्या चकचकीत सॉसमध्ये मिरिन असू शकते, आणि जेली किंवा मार्शमॅलोसारख्या मिठाईत "झेराचिन" म्हणजे जिलेटिन.

रामेनबद्दल जपून. फुकुओकाचे तोनकोत्सु रामेन म्हणजे डुकराच्या हाडांचा रस्सा, त्यातला मांसाचा तुकडा बाजूला काढून काही होत नाही. जपानी करीच्या तयार वड्यांतही प्राण्याची चरबी बऱ्याचदा असते. कोबे बीफचे नाव जगभर आहे, पण बीफ आहे म्हणून हलाल होत नाही. जबीहा कसा झाला हे सांगणारे प्रमाणपत्र दुकानात लावलेले असते, ते मागायला लाजू नका. हलाल वाग्यू आणि हलाल रामेन दोन्ही आता मिळतात. दुकाने बदलतात, बंद होतात, म्हणून मी इथे नावे देत नाही. जाण्याच्या आठवड्यात हलाल ॲपवर बघून घ्यावे.

चार वाक्ये पाठ करा. "वाताशी वा मुसुरिमु देस्" : मी मुसलमान आहे. "बुतानिकु हाइत्ते इमास् का?" : यात डुकराचे मांस आहे का? बुतानिकुच्या जागी "ओसाके" म्हटले की दारूबद्दल विचारणे झाले. "हाइत्ते इमासेन" हे उत्तर आले तर "नाही". आणि "सुमिमासेन", म्हणजे माफ करा, हे तर दिवसात पन्नास वेळा लागते. दुकानदार बहुधा आत जाऊन बाटली घेऊन येतो आणि तुमच्यासमोर लेबल वाचतो. हा त्या लोकांचा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करणारे ॲप मात्र हवेच, कारण लेबले जपानी लिपीतच असतात.

टोकियो

योयोगी-उएहारा स्टेशनपासून पाच-सात मिनिटांवर टोकियो जामी आहे, जपानमधली सर्वांत मोठी मस्जिद. रशियातून आलेल्या तातार मुसलमानांनी १९३८ मध्ये इथे मस्जिद उभी केली. ती जीर्ण झाली म्हणून १९८६ मध्ये पाडली आणि २००० मध्ये तुर्कस्तानच्या मदतीने आजची उस्मानी पद्धतीची इमारत झाली. आत गेल्यावर आपण जपानमध्ये आहोत हे विसरायला होते. आवारातच हलाल वस्तूंचे दुकान आहे. जुम्याला थोडे लवकर पोहोचा.

आसाकुसा भागात सेन्सो-जी हे जुने बौद्ध मंदिर आणि त्याचा मोठा लाल कंदील पाहायला सगळे जग येते. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर ६३४ मीटर उंच स्कायट्री. आसाकुसात छोटी मस्जिद आहे आणि हलाल खाणेही मिळते, त्यामुळे एक पूर्ण दिवस इथे निघतो. उएनोचा बगीचा, त्यातली संग्रहालये आणि शेजारचा आमेयोको बाजार हा दुसरा दिवस. बाजाराजवळ ओकाचिमाचीला मस्जिद अस-सलाम आहे. मसाले, डाळी, हलाल गोश्त हवे असेल तर शिन-ओकुबो स्टेशनजवळची "इस्लामिक गल्ली" गाठा. तिथे बांगलादेशी, नेपाळी, पाकिस्तानी, भारतीय दुकाने खेटून आहेत. पोहोचल्यावर मोहम्मद अली रोडची आठवण येते, फक्त हॉर्नचा आवाज नाही.

हिंदुस्थानशी जोडलेली एक गोष्ट शिंजुकूत आहे. क्रांतिकारक रासबिहारी बोस जपानमध्ये लपले तेव्हा नाकामुराया बेकरीच्या कुटुंबाने त्यांना आसरा दिला. पुढे १९२७ पासून तिथे त्यांच्या पद्धतीची चिकन करी विकली जाऊ लागली, ती आजही मिळते. इतिहास म्हणून दुकान जरूर पाहा. चिकनचे मात्र विचारल्याशिवाय नको.

मंदिरांबद्दल अनेक जण विचारतात, जावे की नाही? माझे मत असे की इमारत, कारागिरी, बाग पाहणे वेगळे आणि इबादतीत सामील होणे वेगळे. ज्याचे मन मानत नाही त्याच्यासाठी जपानमध्ये किल्ले, बागा आणि संग्रहालये भरपूर आहेत. फक्त एक चूक करू नका. तीर्थस्थानाच्या दारात हात-तोंड धुण्याचा पाण्याचा हौद असतो, तो त्यांच्या विधीचा आहे. तिथे वुजू करायला बसू नये.

ओसाका, क्योटो आणि कोबे

टोकियोहून ओसाका बुलेट ट्रेनने सुमारे अडीच तास. ओसाकात किल्ला, दोतोनबोरीची झगमगती गल्ली आणि लहान मुलांसाठी काइयुकान मत्स्यालय, जिथे व्हेल शार्क आहे. निशी-योदोगावा भागात मस्जिद आहे. तिथून क्योटो अर्धा तास. फुशिमी इनारीच्या हजारो लाल कमानींना तिकीट नाही, पहाटे गेलात तर गर्दीही नाही.

पण वेळ कमी असेल तर मी क्योटोचा एक दिवस कापून कोबेला जा म्हणेन. जपानची पहिली मस्जिद तिथे आहे, १९३५ ची. कोबे बंदरात व्यापार करणाऱ्या हिंदुस्थानी मुसलमानांनी तातार, तुर्क, अरब बांधवांबरोबर पैसे घालून ती बांधली. आराखडा यान श्वागर या चेक वास्तुविशारदाचा. १९४५ च्या बॉम्बवर्षावात आजूबाजूचे शहर जळाले, मस्जिद उभी राहिली. १९९५ च्या मोठ्या भूकंपातही राहिली. सान्नोमिया स्टेशनवरून पंधरा मिनिटे चालत. आजूबाजूला हलाल दुकाने आहेत आणि वर कितानो टेकडीवर जुन्या परदेशी व्यापाऱ्यांचे बंगले. आपल्याकडून गेलेल्या माणसांनी नव्वद वर्षांपूर्वी घातलेल्या फरशीवर असरची नमाज पढताना काय वाटते, ते जाऊनच पाहा.

करमणूक

सुमो कुस्तीच्या वर्षात सहा स्पर्धा होतात : जानेवारी, मे, सप्टेंबर टोकियोत, मार्चमध्ये ओसाका, जुलैत नागोया, नोव्हेंबरात फुकुओका. गिन्झाच्या काबुकी-झामध्ये एकाच अंकाचे स्वस्त तिकीट मिळते. भाषा कळत नसली तरी तेवढे पुरते. ओन्सेन म्हणजे गरम झऱ्याचे सार्वजनिक स्नान कपड्यांशिवाय करतात, त्यामुळे सतरचा प्रश्न येतो. "काशिकिरी" म्हणजे खासगी हौद तासावर भाड्याने मिळतो, तो घ्या. पाचिंको लिहिलेली रंगीत दुकाने व्हिडिओ गेमची वाटतात, तो जुगार आहे.

नमाजसाठी नारिता, हानेदा आणि कान्साई विमानतळांवर खोल्या आहेत. टोकियो स्टेशनमध्ये आहे, शिंजुकूच्या ताकाशिमाया दुकानातही. स्टेशनच्या बेसिनमध्ये पाय धुतलेले लोकांना आवडत नाही. चामडी मोजे घालून मसह करणे सोयीचे, किंवा हॉटेलमधूनच वुजू करून निघा. एक मोठा दिलासा म्हणजे जपानी संडासात पाण्याचा फवारा बहुतेक ठिकाणी असतो.

किब्ला तिथून पश्चिमेपेक्षा बराच उत्तरेकडे झुकलेला आहे, टोकियोत साधारण २९३ अंश. नमाजचे वेळापत्रक शहराप्रमाणे मोबाइलमध्ये घालून घ्या. जूनमध्ये टोकियोत साडेचारच्या आत सूर्य उगवतो, म्हणजे फजर त्याच्याही बरीच आधी. डिसेंबरात उलट, साडेचारच्या सुमारास मगरीब. त्या दिवसांत जुहरनंतर बाहेर पडलात तर असर आणि मगरीब दोन्ही रस्त्यातच गाठतात, तेव्हा मस्जिद किंवा नमाजखोली जवळ असेल असाच भाग दुपारसाठी निवडा.