स्पिन्स्टर : चुकीच्या रकान्यातला शब्द

१८७२ सालच्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याच्या परिशिष्टात लग्नाच्या नोटिशीचा एक भरलेला नमुना छापला आहे. त्यातला काल्पनिक वर जेम्स स्मिथ हा विधुर, धंद्याने सुतार. वधू मार्था ग्रीन अल्पवयीन, आणि तिची वैवाहिक स्थिती : ‘स्पिन्स्टर’. लग्नाचे वय उलटून गेलेली, जराशी चिडखोर बाई असा या शब्दाचा अर्थ आपण इंग्रजी कादंबऱ्यांतून शिकलो. तो या कोवळ्या मार्थाला लागू पडेना, म्हणून मी शब्दाच्या मुळाशी गेलो.

मूळ अर्थ अगदी साधा आहे : सूत कातणारी. जुन्या इंग्रजीत कामाच्या नावाला ‘एस्ट्रे’ हा प्रत्यय लागला की ते काम करणारी स्त्री असा अर्थ होई. विणणारी ती वेबस्टर, पाव भाजणारी ती बॅक्स्टर, मद्य गाळणारी ती ब्रूस्टर. पुढे हे शब्द पुरुषांनाही लागले आणि त्यांची आडनावे झाली. अमेरिकन कोशकार नोआ वेबस्टरच्या नावात अशी एक विणकरीण दडलेली आहे. स्पिन्स्टर मात्र बाईकडेच राहिली. चौदाव्या शतकात लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’मध्ये ती भेटते, ती निव्वळ कातणारी म्हणून. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्येही ती कातणारीच आहे.

मग लग्नाचा संबंध आला कुठून? अविवाहित मुली सूत कातत असत, म्हणून हा शब्द त्यांना चिकटला, असे सहसा सांगितले जाते. हे उत्तर मला अपुरे वाटते, कारण लग्न झालेल्या बायका आणि विधवाही कातत होत्याच. उत्तराचा उरलेला भाग कचेरीच्या दप्तरात सापडतो. १४१३ च्या एका इंग्रजी कायद्याने खटल्याच्या कागदपत्रांत प्रतिवादीच्या नावापुढे त्याचा दर्जा किंवा धंदा आणि गाव लिहिणे सक्तीचे केले. पुरुषापुढे सुतार, लोहार, शेतकरी असे लिहिले जाई. बाईपुढे बहुधा अमक्याची बायको, नाहीतर तमक्याची विधवा. जिला जोडायला पुरुषाचे नावच नव्हते, तिच्यापुढे काय लिहायचे? तिचे काम लिहिले गेले. सतराव्या शतकापर्यंत हे काम तिची कायदेशीर ओळख होऊन बसले. हातात चाती असो वा नसो.

या ओळखीला वजनही होते. इंग्लंडच्या कायद्यात पती-पत्नी ही एकच व्यक्ती मानली जाई, हे ब्लॅकस्टोनने १७६५ मध्ये आपल्या भाष्यात स्पष्ट नोंदवले आहे. आणि ती एक व्यक्ती म्हणजे व्यवहारात नवरा. विवाहितेची कमाई नवऱ्याची, तिला स्वतंत्र करार करता येत नसे. सज्ञान स्पिन्स्टर मात्र स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवू शकत होती, करार करू शकत होती. विवाहितेला मालमत्तेचा स्वतंत्र हक्क पूर्णपणे मिळायला १८८२ साल उजाडले.

शब्दाची पत घसरली ती याच काळात. अठराव्या शतकात त्याला ‘लग्नाविना राहिलेली’ अशी बोचरी छटा आली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात हारग्रीव्ह्जचे ‘जेनी’ हे यंत्र एकाच वेळी आठ चात्यांवर सूत काढू लागले. आर्कराइटने १७६९ मध्ये पाण्यावर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. घरोघरचा चरखा हळूहळू थांबला. एकट्या बाईच्या हातचा धंदा गेला, धंद्याचे नाव तेवढे उरले. आणि त्यातून आता तिच्याजवळ काय आहे हे कळेना, काय नाही तेवढेच कळू लागले. १८३७ पासूनच्या इंग्लंडमधल्या विवाहनोंदी पाहाव्यात. वधूच्या स्थितीच्या रकान्यात ‘स्पिन्स्टर’, आणि शेजारचा धंद्याचा रकाना कितीतरी वेळा कोरा! तिथे शोभणारा शब्द एक घर सरकून बसला होता.

जोडीदार शब्द ‘बॅचलर’ मात्र सुखरूप राहिला. तो पदवीला लागला, मेजवान्यांना लागला. आपल्याकडेही ‘घोडनवरी’ आहे. घोडनवरा त्या मानाने क्वचितच ऐकू येतो. फरक इतकाच की घोडनवरी जन्मतःच टोमणा होती, स्पिन्स्टर एके काळी कमावती होती.

डिसेंबर २००५ मध्ये समलिंगी जोडप्यांच्या नागरी भागीदारीचा कायदा अमलात आला, तेव्हा इंग्लंड-वेल्सच्या विवाहनोंदींतून ‘बॅचलर’ आणि ‘स्पिन्स्टर’ दोन्ही गेले; स्त्री-पुरुष दोघांनाही ‘सिंगल’ हा एकच शब्द आला. टोमणा दप्तरातून गेला हे चांगलेच झाले. पण त्याच्याबरोबर एक जुनी साक्षही गेली : नावापुढे लिहायला बाप, नवरा कोणी नसताना कधीतरी एका कारकुनाने बाईचे स्वतःचे काम लिहिले होते.