एम प्रोटीन म्हणजे काय? रक्ताच्या रिपोर्टमधला 'टोकदार सुळका' काय सांगतो?

लिव्हर फंक्शन टेस्टच्या रिपोर्टमध्ये टोटल प्रोटीन, अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन अशा तीन ओळी असतात. बहुतेक जण त्या न वाचताच पुढे जातात. पण अल्ब्युमिन ठीक असून ग्लोब्युलिन बरेच वाढलेले दिसले, तर अनुभवी डॉक्टर तिथे थांबतात. असे होण्याची कारणे अनेक असतात आणि त्यातली बरीचशी कर्करोगाशी संबंधित नसतात. पण एक कारण असे आहे, जे वेळेत ओळखले तर किडनी वाचू शकते. ते म्हणजे एम प्रोटीन.

एकाच साच्यातली प्रतिपिंडे

आपल्या अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मऊ भागात, प्लाझ्मा पेशी असतात. जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे म्हणजेच अँटीबॉडीज बनवणे हे त्यांचे काम. प्रत्येक प्रतिपिंडात दोन जड साखळ्या आणि दोन हलक्या साखळ्या असतात. जड साखळीवरून जी, ए, एम, डी, ई असे पाच वर्ग पडतात. हलकी साखळी कप्पा किंवा लॅम्डा यांपैकी एकाच प्रकारची असते. निरोगी माणसाच्या रक्तात लाखो वेगवेगळ्या पेशींनी बनवलेली नाना तऱ्हेची प्रतिपिंडे एकत्र फिरत असतात.

कधी कधी एखादी प्लाझ्मा पेशी बिघडते आणि स्वतःच्या प्रती काढत सुटते. तिची सगळी पिलावळ एकच प्रतिपिंड बनवते, तेही बहुधा निरुपयोगी. या एकसाची प्रथिनाला मोनोक्लोनल प्रोटीन किंवा थोडक्यात एम प्रोटीन म्हणतात. काही रुग्णांत पूर्ण प्रतिपिंड बनतच नाही, नुसत्या हलक्या साखळ्या तयार होतात.

हे शोधण्याची मुख्य तपासणी म्हणजे सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस. विजेच्या प्रवाहात रक्तातली प्रथिने वेगवेगळी होतात आणि त्यांचा आलेख मिळतो. प्रतिपिंडांचा भाग एरवी बसक्या टेकडीसारखा दिसतो. क्षयरोग किंवा यकृताचा जुना आजार असेल तर ही टेकडी मोठी होते, पण पसरटच राहते, कारण तिथे अनेक प्रकारची प्रतिपिंडे वाढलेली असतात. एम प्रोटीन असेल तर मात्र तिथे टोकदार सुळका उभा राहतो. तो नेमक्या कोणत्या प्रकारचा आहे, हे इम्युनोफिक्सेशन या पुढच्या तपासणीत कळते.

लंडनच्या किराणा व्यापाऱ्याची लघवी

या प्रथिनाचा शोध सुळक्यावरून नव्हे, तर लघवीवरून लागला. १८४५ मध्ये लंडनमधल्या एका किराणा व्यापाऱ्याला छातीत आणि पाठीत असह्य वेदना होत होत्या. त्याच्या लघवीत काहीतरी विचित्र आहे हे डॉ. विल्यम मॅकिन्टायर यांच्या लक्षात आले. नमुना हेन्री बेन्स जोन्स या रसायनशास्त्र जाणणाऱ्या डॉक्टरकडे गेला. सोबतच्या चिठ्ठीतला प्रश्न अगदी साधा होता : हे आहे तरी काय?

तापवल्यावर साकळणारे, उकळल्यावर पुन्हा विरघळणारे आणि थंड होताना परत साकळणारे ते प्रथिन होते. अंड्याचा पांढरा भाग एकदा घट्ट झाला की पुन्हा पातळ होत नाही, हे आठवले की यातले नवल कळेल. रुग्ण काही आठवड्यांतच दगावला. प्रथिनाला 'बेन्स जोन्स प्रोटीन' हे नाव मिळाले, पण त्याचे मूळ कळायला शतकाहून अधिक काळ गेला. १९६२ मध्ये जेराल्ड एडेलमन आणि जोसेफ गॅली यांनी दाखवून दिले, की या प्रतिपिंडांच्या सुट्या हलक्या साखळ्या आहेत. प्रतिपिंडांच्या रचनेवरील कामासाठी एडेलमन यांना १९७२ चे नोबेल विभागून मिळाले.

किडनीवर घाव कसा बसतो?

सुट्या हलक्या साखळ्या आकाराने लहान असल्यामुळे किडनीच्या गाळणीतून सहज खाली उतरतात. प्रमाण वाढले की पुढच्या बारीक नलिकांत त्यांचे गोळे अडकतात आणि किडनी निकामी होऊ लागते. इथे एक सापळा आहे. लघवीच्या साध्या पट्टी-तपासणीत मुख्यतः अल्ब्युमिन कळते, हलक्या साखळ्या नाहीत. त्यामुळे पट्टी 'निल' दाखवते आणि नुकसान चालूच राहते.

दुसरा सापळा वेदनेचा. मल्टिपल मायलोमात हाडे आतून पोखरली जातात. हे काम एम प्रोटीन करत नाही. बिघडलेल्या पेशी हाडे झिजवणाऱ्या पेशींना चिथावतात. पाठ दुखते, वयाचे दुखणे समजून महिनोन्‌महिने पेनकिलर घेतले जातात आणि आधीच ताणाखाली असलेल्या किडनीवर त्या गोळ्यांचा आणखी मार बसतो. उतारवयात न थांबणारी पाठदुखी, सोबत रक्तक्षय, वाढलेले क्रिएटिनिन किंवा कॅल्शियम, वारंवार न्यूमोनिया असे एकत्र दिसले तर मणक्याच्या एक्स-रेवर समाधान मानणे चुकीचे ठरू शकते. ईएसआर खूप वाढलेला असणे हाही एक इशारा. जादा प्रथिनांमुळे लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि लवकर खाली बसतात.

सुळका म्हणजे कर्करोगच का?

नाही, आणि इंटरनेटवर रिपोर्ट शोधून घाबरणाऱ्यांसाठी हे सर्वांत महत्त्वाचे. पन्नाशीपुढच्या सुमारे ३ टक्के लोकांत थोडे एम प्रोटीन सापडते आणि त्यांना काहीच त्रास नसतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे रॉबर्ट काइल यांनी १९७८ मध्ये या अवस्थेला 'एमजीयूएस' हे नाव दिले. त्याआधी तिला निरुपद्रवी म्हटले जाई. काइल यांनी मुद्दाम 'अनिश्चित महत्त्वाची' असा शब्द योजला, कारण अशा लोकांपैकी दरवर्षी साधारण १ टक्का पुढे मायलोमा किंवा तत्सम आजाराकडे जातात. एम प्रोटीन डेसिलिटरमागे ३ ग्रॅमपेक्षा कमी, अस्थिमज्जेत प्लाझ्मा पेशी १० टक्क्यांपेक्षा कमी आणि अवयवांना इजा नाही, अशी तिची ओळख. औषध लागत नाही, ठरावीक काळाने तपासणी मात्र लागते.

भावंडे आजार

१९४४ मध्ये स्वीडनचे यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी नाका-तोंडातून रक्त येणाऱ्या दोन रुग्णांचे वर्णन केले. त्यांच्या आजारात आयजीएम हे अवजड प्रतिपिंड वाढते आणि रक्त दाट होते. डोकेदुखी, धूसर दिसणे, नाकातून रक्त ही त्याची लक्षणे. तातडीच्या वेळी प्लाझ्मा बदलून रक्त पातळ केले जाते.

एएल अमायलॉइडोसिस जास्त फसवा. त्यात एम प्रोटीन अगदी थोडे असू शकते, पण हलक्या साखळ्या चुकीच्या पद्धतीने दुमडून हृदय, किडनी, नसा, जीभ यांत साचतात. फेसाळ लघवी, धाप, सुजलेले पाय, मोठी झालेली जीभ, डोळ्यांभोवती जांभळे डाग यांवरून संशय येतो. इथे नुसता सुळका शोधून भागत नाही. रक्तातल्या 'फ्री लाइट चेन'ची तपासणी, म्हणजे कप्पा आणि लॅम्डा यांचे गुणोत्तर, पाहावेच लागते.

उपचारांचे मोजमाप

मायलोमाचे उपचार कितपत लागू पडत आहेत, हे पाहताना डॉक्टर एम प्रोटीनच मोजत राहतात. मोजक्या रुग्णांत ते बनतच नाही, तिथे स्कॅन आणि अस्थिमज्जेवर भिस्त ठेवावी लागते. आणखी एक गंमतशीर अडचण आहे. डॅराट्युमुमॅब हे मायलोमावरचे औषध स्वतःच आयजीजी कप्पा प्रकारचे एकसाची प्रतिपिंड आहे. ते इम्युनोफिक्सेशनमध्ये फिकट पट्ट्यासारखे उमटते आणि आजार शिल्लक असल्याचा भास होतो. त्यामुळे हे औषध चालू असलेल्या रुग्णाने तपासणीच्या वेळी लॅबला तसे सांगणे गरजेचे असते.