बंद घटाची नाडीपरीक्षा

इ. स. १८५९ मध्यें गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञानें शिशाचे पत्रे गंधकाम्लांत ठेवून पुनःपुन्हां भरतां येणारा विद्युत्घट सिद्ध केला. या घटाचा एक गुण पुढें फार उपयोगीं पडला. वीज खर्च होऊं लागली कीं अम्लांतील गंधकाचा अंश पत्र्यांवर बसतो, पाणी निर्माण होतें आणि अम्ल पातळ होतें. घनतामापकाची कांचनळी त्यांत सोडावी, आंकडा १.२८ च्या सुमारास आला तर घट भरलेला, १.१२ च्या जवळ आला तर रिता, असा निवाडा क्षणांत होई.

१९९१ मध्यें सोनी कंपनीनें लिथियम-आयन घट बाजारांत आणला. त्यांत ही सोय उरली नाहीं. या घटांत लिथियमचे आयन एका अग्रांतून निघून दुसऱ्यांत शिरतात. मधला द्रव नावाड्याप्रमाणें त्यांना पैलतीरीं पोंचवितो, स्वतः मात्र बहुतेक होता तसाच राहतो. शिवाय घट हवाबंद असतो. बाहेरून मोजतां येतात त्या गोष्टी तीनच: विद्युद्दाब, प्रवाह आणि उष्णतामान.

एवढ्यावरून आंतील स्थिति ओळखावी कशी? पहिला मार्ग जमाखर्चाचा: किती वीज आंत गेली, किती बाहेर आली, याचा हिशेब ठेवावयाचा. परंतु वहींत रोज एका पैची चूक झाली तर वर्षअखेरची शिल्लक खोटी ठरते. तीच गत येथें होते. दुसरा मार्ग दाब पाहण्याचा. पण काम चालू असतां अंतर्गत विरोधामुळें दाब उतरतो, आणि लोह-फॉस्फेटाच्या घटांत तर मधल्या मोठ्या टप्प्यांत तो ३.३ व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर असतो.

तिसरा मार्ग गणिताचा. १९९३ मध्यें बर्कले येथील डॉइल, फुलर व न्यूमन यांनीं लिथियम-घटांतील आयनांच्या प्रवासाचीं समीकरणें मांडलीं. तीं वाहनांतील लहानशा गणकयंत्रास जड जात. म्हणून अभियंत्यांनीं घटाच्या जागीं रोधक व धारक यांचें साधें मंडल कल्पिलें. रुडॉल्फ काल्मान यांनीं १९६० मध्यें दिलेली अनुमानपद्धति अपोलोच्या चंद्रयात्रांत मार्गदर्शनासाठीं वापरली गेली होती. तीच ग्रेगरी प्लेट यांनीं २००४ मध्यें या घटांना लाविली. दाब किती असावा हें गणितानें आधीं सांगावें, मग तो प्रत्यक्ष मोजावा, आणि गणित व मापन यांपैकीं कोणावर किती भरंवसा ठेवावा हें तोलून अंदाज सुधारावा, असें तिचें स्वरूप आहे.

ही केवळ विद्वानांची करमणूक नव्हे. जानेवारी २०१३ मध्यें बोस्टन येथें उभ्या असलेल्या बोइंग ७८७ विमानांतील लिथियम-घटमाला पेटली. एका घटांतील अंतर्गत लघुमंडल हें त्याचें कारण चौकशींत ठरलें. त्याच महिन्यांत जपानांत दुसरें विमान अशाच कारणास्तव तांतडीनें उतरवावें लागलें आणि त्या जातीचीं सर्व विमानें कांहीं महिने जमिनीवर राहिलीं. शिल्लक वीज किती, हें गणित आज बऱ्याच अचूकतेनें सांगतें. आंत दडलेल्या दोषाची चाहूल वेळेवर लागणें, हें त्याहून कठीण काम आहे, आणि प्रवाशांचे प्राण त्यावरच अवलंबून असतात.