गंजिफा : वैचित्र्य आणि सोपेपणा

खेळात वैचित्र्य जितके अधिक, तितका तो रंजक, असा एक समज आहे. तो कितपत खरा, हे पाहावयास आम्हां बंगळूरकर मराठी मंडळींना फार दूर जावयास नको. म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) यांचा राज्यकारभार इंग्रजांनी १८३१ साली काढून घेतला. पुढे विद्या, कला आणि खेळ यांत त्यांनी मन रमविले. बुद्धिबळाच्या पटावरील चौसष्ट घरांतून घोडा प्रत्येकी एकदाच फिरविण्याच्या कोड्यात ते निष्णात होते. गंजिफाचेही अनेक नवे खेळ त्यांनी रचले. एका गटात बहुधा १२ अंकांची आणि ६ चित्रांची पाने. काही खेळांत असे गट १८ पर्यंत. शिवाय कायमचे हुकूम. मोठ्या संचात ३६० पर्यंत पाने असत. ‘श्रीतत्त्वनिधि’ या ग्रंथात त्यांचे वर्णन आहे; परंतु राजवाड्याबाहेर हे खेळ रुजले नाहीत.

आता आपल्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पाहा. गोल पाने १२०, म्हणजे तीही थोडी नव्हेत. पण गट दहाच, आणि प्रत्येकाचा स्वामी एक अवतार. राजा, प्रधान आणि एक ते दहा अंक, अशी प्रत्येकी बारा पाने. पाच गटांत दहा अंक थोर, उरलेल्या पाचांत एक. हुकूम नाहीच. तिघांनी बसावे, चाळीस-चाळीस पाने घ्यावीत. मत्स्य, कूर्म, वराह ही नावे घरातील मुलास आधीच पाठ असत. म्हणून पानांची गर्दी त्यास जड होत नसे. ज्या वैचित्र्याची ओळख घरातच झालेली असते, त्याचे ओझे वाटत नाही, असे आम्हांस वाटते.

तरीही कालौघात बावन्न पानांच्या स्वस्त छापील संचाने, चार रंग आणि तेरा पाने एवढ्या भांडवलावर, गंजिफासही मागे सारले. सावंतवाडीची कला टिकली ती शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी चितारी कारागिरांना दिलेल्या आश्रयामुळे. आज ती सुंदर पाने चौकटीत बसवून भिंतीवर लावली जातात. पण ती हाती धरून खेळणारे विरळा.

परमुलखी वाढणाऱ्या आमच्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ खेळाचा राहत नाही. सगळेच त्यांच्या माथी एकदम मारू गेलो, तर ते म्हैसूरच्या ३६० पानांप्रमाणे पेटीतच राहील. आणि फार सोपे करू गेलो, तर त्यात आपले असे काही उरणार नाही. म्हणून आम्ही सुचवितो की, मंडळाच्या सुट्टीतील वर्गात एक दशावतारी संच आणावा. आधी दहा अवतारांच्या गोष्टी सांगाव्यात, मग पाने वाटावीत. नियम मुले अर्ध्या तासात शिकतील. गोष्टींना मात्र वेळ द्यावा लागेल.