नाणेघाटातली टाकी आणि ट्रकवाल्याचा डबा

नाणेघाटात जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण सगळेच बघतात. मला तिथली पाण्याची टाकी जास्त मोलाची वाटतात. सातवाहनकाळी जुन्नरचा माल याच वाटेने कल्याणकडे उतरे. जुन्नरच्या ब्राह्मी लेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हटलं आहे. वाट खोदणाऱ्यांनी वाटसरूच्या तहानेचाही विचार केला होता.

आज नारायणगावचा टोमॅटो, मंचरचा कांदा-बटाटा ट्रकने जातो. माझे मामा तीच गाडी चालवतात. बैलांमागचा माणूस चालायचा. मामा रात्रभर बसून असतात. गाडी उभी करायला जागा नाही, म्हणून पाणीही बेतानेच पितात. साखर निघाल्यापासून मामी भाकरी आणि मटकीची उसळ बांधून देते.

१९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास काम, सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवली. १०० कामगार असतील तिथे उपाहारगृहाचीही तरतूद केली. पण कायदा लागू होता किमान ५ कामगारांच्या व्यवसायाला. दोन गाड्यांच्या मालकाकडे राबणारे मामा त्यात कधी बसलेच नाहीत. त्यांची पोढी म्हणजे मामीचा डबा.