पांढऱ्या वाटेवरील सायकल

यंदाच्या वसंत व्याख्यानमालेत आम्ही सायकलीच्या रस्त्यांवर बोलणार असे जाहीर झाले, तेव्हा काही मित्रांस गंमत वाटली. कामगार चळवळीत हयात घालविलेल्या माणसाने वेतन, बोनस, निर्वाहनिधी यांवर बोलावे असा संकेत आहे. परंतु आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि सायकलीच्या सीटवर अधिक झाले. वणी-राजूरच्या चुनाभट्ट्या, कोरपना-गडचांदूरकडील खाणी आणि तेथील वस्त्या आम्ही प्रथम पाहिल्या त्या सायकलीवरूनच.

अलीकडे नागपुरातील तरुण मंडळी रविवारी पहाटे जाड टायरांच्या सायकली घेऊन मुरमाच्या वाटा शोधीत निघतात. मोटारींचा उपद्रव नाही, डांबर नाही, दोन्ही अंगांना तूर आणि पऱ्हाटी. त्यांचा आनंद खरा आहे. तो आम्ही नाकारीत नाही. मात्र त्यांतील एक तरुण आम्हांस म्हणाला, "हे रस्ते कोणाचेच नाहीत, म्हणून तर मजा येते." ते वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. रस्ता कोणाचाच नसतो असे होत नाही. तो कोणीतरी मागितलेला असतो आणि त्याची खडी कोणीतरी फोडलेली असते.

आधी जमिनीविषयी. नागपूरच्या आसपास काळ्या बेसाल्टच्या खाली चुनखडीचे थर आहेत. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ साली नागपुरास आल्यावर हे दगड आणि त्यांतील जीवाश्म हिंडून हिंडून गोळा केले, व हंटर यांच्यासह त्यांवर लिहिले. हे हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटाकडील प्राचीन अवशेष पाहून परत येत असता पुराच्या ओढ्यात बुडून मरण पावले. या मुलखाचे दगड ज्याने वाचले, त्याचा बळी या मुलखाच्या पावसाळी वाटेनेच घेतला. तेव्हा सायकल नव्हती. ते घोड्यावर होते.

दक्षिणेस वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या दोन्ही अंगांना गेलो म्हणजे त्याहून कितीतरी जुनी चुनखडी लागते. ती पैनगंगेच्याच नावाने ओळखली जाते. तिच्यावर काळी माती पसरलेली आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. श्रावणात त्या मातीतून सायकल नेणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यात असा बसतो की चाक फिरत नाही. काडीने उकरावे, चार पावले जावे, पुन्हा उकरावे. शेवटी माणूस सायकलीवर बसण्याऐवजी सायकल माणसाच्या खांद्यावर बसते. आणि आमच्या वेळची सायकल म्हणजे अठरा-वीस किलोंचे लोखंड! जेथे चुनखडीचे तुकडे आणि मुरूम टाकून दाबलेले असत, तेथे मात्र चाक आवाज करीत मोकळे धावे. चुनखडीची भुकटी ओली होऊन दाबली गेली की घट्ट बसते, म्हणून अशी वाट पाण्याला इतर कच्च्या वाटांहून बरी टिकते. अमावास्येच्या रात्रीसुद्धा ती पांढरी पट्टी डोळ्यांस दिसत असे. दिव्याशिवाय सायकल चालविल्याबद्दल आम्ही शहरात दंड भरला आहे. तेथे दिव्याची गरज वाटली नाही.

चांगला रस्ता प्रथम मागितला तो सायकलवाल्यांनी, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नाही. इंग्लंडात १८८५ च्या सुमारास आणि अमेरिकेत १८९० नंतर सायकलस्वारांच्या संघांनीच रस्तेसुधारणेची चळवळ केली. मोटार मागाहून आली आणि तयार पंगतीत पुढच्या पाटावर बसली. कामगारांनीही सायकल लवकर ओळखली. १८९४ साली बर्मिंगहॅम येथे समाजवादी कामगारांनी 'क्लेरियन' सायकल क्लब काढला. रविवारी खेडोपाडी जाऊन पत्रके वाटावी, सभा घ्याव्या, असा त्यांचा क्रम असे. जर्मनीत १८९६ मध्ये कामगार-सायकलस्वारांचा 'सॉलिडॅरिटेट' हा संघ उभा राहिला. १९३३ मध्ये नाझींनी तो मोडला. हे आम्हांस फार उशिरा वाचावयास मिळाले. तोवर कॅरिअरला पत्रके बांधून, हँडलला डबा अडकवून आम्ही तेच करीत होतो, आणि आपणच हे प्रथम काढले अशा भ्रमात होतो.

आता आपल्याकडे. १९२७ साली सरकारने रस्त्यांच्या चौकशीसाठी बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवून रस्त्यांसाठी निधी उभारावा, ही तिची प्रमुख सूचना; १९२९ मध्ये हा निधी सुरू झाला. सूचना शहाणपणाची होती, यात शंका नाही. पण ज्याच्या खिशातून पैसा येतो त्याचा आवाज मोठा होतो, हा अनुभव आम्हांस युनियनमध्येही आला आहे. रस्त्याचा पैसा पेट्रोलातून आला. बैलगाडी आणि सायकल दोघी मुक्या राहिल्या.

त्यानंतरचा मोठा प्रसंग आपल्याच शहरात घडला, आणि नागपूरकरांस त्याचे विस्मरण व्हावे याचे आम्हांस वाईट वाटते. डिसेंबर १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असता, देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद येथे भरली. तिने आखलेली वीस वर्षांची योजना आजही 'नागपूर योजना' म्हणून पाठ्यपुस्तकांत आहे. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हामार्ग आणि ग्राममार्ग अशी रस्त्यांची उतरंड तिने लावली. लागवडीच्या समृद्ध प्रदेशातील कोणतेही खेडे मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, असे तिचे उद्दिष्ट होते. पाच मैल! कागदावर ही रेघ लहान दिसते. ती सायकलीने अर्ध्या-पाऊण तासाची, डोक्यावर ओझे घेऊन चालणाऱ्या बाईची दीड-दोन तासांची. कोणाच्या पायांनी मोजावयाचे, एवढे त्या परिषदेने लिहून ठेवले नाही. शिवाय राजुऱ्याचा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. म्हणजे आमच्या चुनखडीच्या मुलखाची पैनगंगेपलीकडची बाजू नागपूरच्या कारभाराखाली नव्हतीच.

मग या मुरमी वाटा आल्या कोठून? त्यांचे उत्तर दुष्काळात आहे. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर राबणाऱ्यांची संख्या १९७३ च्या मे महिन्यात ५० लाखांच्या घरात गेली. त्याची खरी झळ मराठवाड्यास आणि पश्चिमेकडील जिल्ह्यांस बसली. आमच्याकडे ती त्या मानाने कमी. परंतु वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या रोजगार हमीचा १९७७ साली कायदा झाला, १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो अमलात आला, आणि त्यातून विदर्भातही गावोगाव रस्त्याची कामे निघाली. या योजनेत खर्चाचे निदान ६० टक्के अकुशल मजुरीवर जावे, असा नियम होता. डांबर आणि यंत्र यांचा खर्च त्यात बसत नसे. म्हणून रस्ते खडी-मुरमाचेच राहिले. आज ज्या वाटेची मऊ खरखर शहरातील सायकलस्वारास आवडते, ती या साठ टक्क्यांची करामत आहे. कित्येक रस्ते एका पावसात वाहून गेले, मस्टरवर खोटी नावे चढली, हेही आम्ही पाहिले. तरी स्त्री-पुरुषांस एकाच दराने मजुरी देणारे दुसरे सरकारी काम त्या काळी आम्हांस आठवत नाही.

पुढे चुनखडीला भाव आला. भट्टीत शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली तर छपन्न किलो चुना उरतो. बाकीचे वायुरूपाने आकाशात जाते. भट्टीवाल्यांचे हे गणित लहान होते. १९८३ मध्ये आवारपूर येथे मोठा सिमेंट कारखाना उभा राहिला, मागोमाग गडचांदूर आणि आसपासही कारखाने आले. गाडीवाट रुंद झाली, पक्की झाली, आणि ट्रकांनी भरली. कामगारांस कायम नोकऱ्या मिळाव्या म्हणून आम्हीच भांडलो. तेव्हा कारखाने आले हे वाईट झाले असे म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण डांबराच्या कडेला सायकलीपुरती हातभर मुरमाची पट्टी सोडा, ही मागणी आम्ही मागणीपत्रात घातली तेव्हा समोरचे अधिकारी हसले, आणि खरे सांगावयाचे तर आमचे काही सहकारीही हसले. वाटाघाटीत ती पहिल्याच दिवशी गळाली. आम्ही ती धरून बसलो नाही, हा दोष आमचा. त्यानंतर दोन वर्षांनी रात्रपाळीस जाताना एका ट्रकच्या हवेने आम्ही सायकलीसह नालीत पडलो, मनगट मोडले. आमचे मनगटावर निभावले, इतकेच.

इटलीत टस्कनी प्रांतात अशाच पांढऱ्या वाटांवर डांबर पडू लागले, तेव्हा १९९७ साली गायोले गावी काही लोकांनी जुन्या सायकलींची फेरी काढली. त्या फेरीमुळे वाटांचे महत्त्व लोकांस पटले आणि पुष्कळ वाटा राहिल्या. आता तेथे व्यावसायिक शर्यतही होते. आमच्याकडे २००० च्या डिसेंबरात प्रधानमंत्री ग्रामसडक योजना निघाली आणि खेडी डांबराने जोडली जाऊ लागली. बाळंतीण बाईला दवाखान्यात नेणारा रस्ता डांबरी असावा, यात दुमत नाही. शहरातील माणसाच्या रविवारसाठी खेड्याने चिखलात राहावे, असे आम्ही म्हणणार नाही. पण ट्रकांचा रस्ता वेगळा करून जुनी वाट माणसांस ठेवता येते. त्याला खर्च फार नाही. नकाशावर ती वाट कोणाची तरी आहे एवढे मान्य करावे लागते.

त्या तरुणास आम्ही गेल्या हिवाळ्यात वणीकडे बरोबर नेले. एका वाटेवर, लहान पुलाजवळ, हमीच्या कामावर खडी फोडलेल्या एक वृद्ध बाई शेळ्या राखीत बसल्या होत्या. त्यांनी त्याच्या सायकलीची किंमत विचारली. त्याने लाजत निम्मी सांगितली. ती ऐकूनही बाई बराच वेळ हसत होत्या. मग काठीने दाखवून म्हणाल्या, "पुलाच्या अलीकडचा तुकडा आमच्या टोळीचा हाय. पलीकडचा दुसऱ्या गावचा. तो पयले खचला."